भिंतीत पुरावयाची तार

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलतात, वाङ्मयावर बोलतात, अर्थकारणावर तर हमखास बोलतात. तारेवर कोणी बोलत नाही. परंतु पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने ही प्रथा सुरू झाली तेव्हापासून लोकांना उपयोगी ज्ञान मिळावे हा तिचा एक हेतू आहे, असे आम्ही समजतो. त्या आधारावर आजचा विषय घेतला आहे. नवे घर बांधताना आवाजाची आणि चित्राची तार कोणती घ्यावी, कशी घालावी आणि ती घालणाऱ्या माणसाशी व्यवहार कसा करावा, एवढाच हा विषय होय.

आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वायरमन, फिटर, गवंडी यांच्या संगतीत आणि नगर वाचनालयात झाले. तेव्हा येथे जे सांगणार ते पदवीधर अभियंत्याचे शास्त्र नव्हे. ते कामावर पडताळून पाहिलेले ज्ञान आहे.

हा मुलूख ऐकणाऱ्यांचा आहे. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याचे काम नटाच्या गळ्याचे होते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले आणि घरोघर रेडिओपुढे माणसे बसू लागली. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला, तेव्हा गच्चीगच्चीवर अँटेना उभ्या राहिल्या आणि त्या त्याच्याकडे तोंड करून बसल्या. आज विश्रामबागेत किंवा शाहूपुरीत नवे घर बांधणारा माणूस दिवाणखान्यात मोठा पडदा, त्याच्या बाजूस ध्वनिक्षेपक आणि वरच्या खोलीत दुसरा दूरदर्शन संच हे सर्व आधीच मनात धरतो. यात गैर काहीच नाही. गैर एवढेच होते की, संच निवडण्यास तो चार रविवार घालवितो आणि तार निवडण्यास चार मिनिटेही देत नाही.

वास्तविक हिशेब उलटा आहे. संच पाच-सात वर्षांनी बदलतो. तार गिलाव्याच्या आत जाते आणि घर आहे तोवर तेथेच राहते. संच बिघडला तर तो उचलून दुरुस्तीस नेता येतो. तार बिघडली तर भिंत फोडावी लागते, रंग पुन्हा द्यावा लागतो आणि बहुधा घरातील शांतताही काही दिवस जाते. भविष्यनिर्वाह निधी काढून किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून ज्याने घर बांधले त्याला हा दुहेरी खर्च परवडणारा नसतो. म्हणून भिंतीत जे पुरावयाचे त्याची पारख आधी केली पाहिजे.

तार दोन प्रकारची कामे करते

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. काही तारा शक्ती वाहून नेतात, काही तारा निरोप वाहून नेतात. ध्वनिवर्धकापासून ध्वनिक्षेपकापर्यंत, म्हणजे अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत, जाणारी तार ही पहिल्या प्रकारची. तिच्यातून खराखुरा विद्युतप्रवाह जातो आणि तो स्पीकरचा पडदा हलवितो. छत्रीपासून, ज्याला आपण डिश म्हणतो तिच्यापासून, संचापर्यंत येणारी तार दुसऱ्या प्रकारची. तिच्यातून अगदी क्षीण असा निरोप येतो. पहिल्या प्रकारात तांब्याची जाडी महत्त्वाची, दुसऱ्या प्रकारात तारेची रचना आणि तिचे आवरण महत्त्वाचे. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, म्हणून गोंधळ होतो.

आवाजाची तार

स्पीकरची तार मागावयास गेले की दुकानदार '१४/७६', '२३/७६', '४०/७६' असे अंक सांगतो. यांचा अर्थ सोपा आहे. पहिला अंक आत किती बारीक धागे आहेत ते सांगतो. दुसरा अंक प्रत्येक धाग्याची जाडी इंचाच्या दहाहजाराव्या भागांत सांगतो. म्हणजे ४०/७६ मध्ये चाळीस धागे असून त्यांचे एकत्र क्षेत्रफळ सुमारे १.१७ चौरस मिलिमीटर भरते. १४/७६ मध्ये ते सुमारे ०.४ च भरते.

आता हिशेब करू. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेचा विरोध सुमारे ०.०१७ ओम असतो. संच ठेवावयाच्या कपाटापासून मागच्या भिंतीवरील स्पीकरपर्यंत तार भिंतीने वर चढते, छताजवळून जाते व पुन्हा खाली उतरते. दहा मीटर सहज होतात. प्रवाहाला जावे लागते तसे परतही यावे लागते, म्हणून वीस मीटर धरावयाचे. १४/७६ ची तार घेतली तर विरोध सुमारे ०.८ ओम होतो. स्पीकर चार ओमचा असेल तर तारेत गेलेल्या शक्तीपैकी शेकडा १७ भाग भिंतीतच उष्णतेच्या रूपाने वाया जातात. ४०/७६ घेतली तर वाया जाणारा भाग शेकडा ७ च्या आसपास येतो. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर शेकडा ३ वर येतो. स्पीकर आठ ओमचा असेल तर हे नुकसान साधारण निम्मे होते.

यावरून नियम असा निघतो. आठ ओमचे स्पीकर आणि दहा मीटरपर्यंतचे अंतर असेल तर दीड चौरस मिलिमीटर पुरे. चार ओमचे स्पीकर असतील किंवा अंतर अधिक असेल तर अडीच घ्यावी. त्यापुढे जाडी वाढवून कानाला काही अधिक मिळत नाही.

येथे कोणी म्हणेल की, जाहीर सभेत तर बारीकशा तारेवर फर्लांगभर दूरचे कर्णे वाजतात. खरे आहे. सभांच्या निमित्ताने त्या कर्ण्यांशी आमचा चांगला परिचय आहे. तेथे ध्वनिवर्धकातून दाब वाढवून, बहुधा शंभर व्होल्टच्या मार्गाने, शक्ती पाठवितात आणि प्रत्येक कर्ण्याशी लहान रोहित्र बसवून दाब पुन्हा उतरवितात. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि बारीक तार चालते. कोयनेची वीज दूरवर उच्च दाबाने नेतात त्याचे कारण हेच. घरातील संचात ही सोय नसते, म्हणून घरात तांबे अधिक लागते.

'ऑक्सिजनविरहित तांबे', 'सोन्याचा मुलामा' अशी नावे देऊन याच तारा पुष्कळ महाग विकतात. सोने गंजत नाही, म्हणून टोकाच्या खटक्याला त्याचा थोडा उपयोग आहे; दमट हवेत तो अधिक जाणवतो. परंतु बारीक तारेला सोनेरी टोक लावले म्हणून ती जाड होत नाही. पैसा तांब्यात घालावा, नावात घालू नये.

हळकुंड मोडून पाहावे

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. बाजारात तांब्याच्या नावाने विकली जाणारी पुष्कळ तार आतून अॅल्युमिनियमची असते आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. तिचा विरोध तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. ती वाकविली की लवकर तुटते, आणि तांब्याचा थर जेथे खरवडला जातो तेथे ओल लागून ती झिजू लागते. कायदेशीर नाव लिहून आणि स्वस्त दराने ती विकली तर तो व्यापार. तांबे म्हणून विकली तर ती फसवणूक.

सांगलीच्या पेठेत हळद घेणारा माणूस हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. तोच माणूस वायर घेताना मात्र वरच्या प्लॅस्टिकचा रंग पाहतो. तारेचे हळकुंडही मोडून पाहता येते. त्याच्या तीन परीक्षा आहेत.

पहिली चाकूची. धागा खरवडावा. आत पांढरे दिसले तर ते तांबे नव्हे. मात्र काही अस्सल तांब्याच्या धाग्यांवर कथिलाचा मुलामा असतो. त्यात बाहेर पांढरे आणि आत तांबूस दिसते. आत काय आहे त्याला महत्त्व.

दुसरी तराजूची. तांबे पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, अॅल्युमिनियम पावणेतीनपट. दीड चौरस मिलिमीटरच्या एकेरी तारेच्या नव्वद मीटरच्या गुंडाळीत तांबेच सुमारे १.२ किलो असते. वरचे प्लॅस्टिक वेगळे. मुलाम्याच्या तारेत धातू अर्धा किलोच्या आसपासच भरतो. दुहेरी तारेत हे आकडे दुप्पट धरावे. हातात घेताच फरक कळतो.

तिसरी मीटरची. त्याच एकेरी गुंडाळीची दोन टोके मल्टिमीटरला लावली तर सुमारे १.२ ओमच्या आत विरोध दिसला पाहिजे. वैशाखातील उन्हात तो किंचित जास्त भरेल. दीड-पावणेदोन ओम दिसले तर गुंडाळी परत करावी. मीटरची दोन टोके आधी एकमेकांस लावून जो आकडा येईल तो वजा करण्यास विसरू नये.

वीज-तारेवर आयएस ६९४ या मानकाचे चिन्ह व परवाना क्रमांक असतो, आणि तो क्रमांक मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइलवरील सोयीत पडताळता येतो. स्पीकरसाठीही अशी मानांकित, दोन शिरांची लवचिक तांब्याची तार घेतल्यास काम उत्तम होते. फक्त दोन्ही टोकांवर 'स्पीकर' अशी चिठ्ठी पक्की बांधावी, म्हणजे पुढे कोणी ती विजेची समजून जोडणार नाही.

चित्राची तार

छत्रीपासून येणारी तार गोल असते. मधोमध एक शीर, भोवती पांढरा फेस, त्यावर धातूचा पत्रा व जाळी, आणि वर आवरण. हिला सहअक्ष तार किंवा कोअॅक्सिअल म्हणतात. निरोप मधल्या शिरेतून जातो आणि बाहेरची जाळी त्याचे परक्या लहरींपासून रक्षण करते. नव्या घरात आरजी-६ या जातीची घ्यावी. आरजी-५९ ही जुनी व बारीक जात लांब अंतरास अपुरी पडते. आरजी-६ मध्येही एक हजार मेगाहर्ट्झच्या लहरी शंभर मीटरमध्ये सुमारे २० डेसिबल उतरतात. तीन डेसिबल उतरले म्हणजे शक्ती निम्मी झाली असा हिशेब आहे. तेव्हा तीस मीटर तारेत निरोप चौथाईवर येतो. म्हणून मार्ग जवळचा घ्यावा आणि मध्ये सांधा ठेवू नये.

येथे एक बारकावा आहे. या तारेची मधली शीर पुष्कळदा पोलादाची असून वर तांब्याचा मुलामा असतो. अतिजलद लहरी धातूच्या पृष्ठभागावरूनच धावतात, म्हणून केवळ चित्रासाठी हा मुलामा चालतो. ती फसवणूक नव्हे. परंतु छत्रीवरच्या यंत्राला चालण्यास लागणारी वीज, १३ किंवा १८ व्होल्टची, याच तारेतून वर जाते. ती वीज संपूर्ण धातूतून जाते. म्हणून छत्री दूर असेल तर सबंध तांब्याची शीर असलेली तारच घ्यावी.

दुसरी तार संगणकजाळ्याची, जिला कॅट-६ म्हणतात. आजचे चित्र पुष्कळसे आंतरजालावरूनच येते, तेव्हा प्रत्येक संचाच्या जागी हिच्या दोन ओळी टाकाव्या. सेकंदाला एक गिगाबिटचा वेग ती शंभर मीटरपर्यंत नेते, दहा गिगाबिटचा सुमारे पंचावन्न मीटरपर्यंत. हिच्यातही मुलाम्याचा माल येतो. चाकूची परीक्षा येथेही करावी.

तिसरी एचडीएमआय. ही कपाटातील पेटीपासून पडद्यापर्यंत जाते. हिच्या नव्या आवृत्त्या २००९, २०१३, २०१७ आणि २०२५ साली निघाल्या. नव्या जातीच्या सूक्ष्म चित्रासाठी तांब्याच्या एचडीएमआय तारेचा पाच मीटरच्या पुढे भरवसा धरता येत नाही. अशी दर चार-आठ वर्षांनी बदलणारी वस्तू गिलाव्यात कायमची पुरणे शहाणपणाचे नव्हे.

रिकामी नळी

मग काय पुरावे? रिकामी नळी पुरावी. आमच्या मते या सर्व विषयाचे सार एवढेच आहे. कपाटापासून पडद्यामागच्या जागेपर्यंत किमान चाळीस मिलिमीटर व्यासाचा पाइप टाकावा, कारण एचडीएमआयचे टोक रुंद असते आणि पंचवीसच्या पाइपात अडकते. काटकोनी एल्बो वापरू नये; मोठ्या वळणाचे बेंड वापरावे. आत नायलॉनची दोरी सोडून तिची दोन्ही टोके बांधून ठेवावी. वीस वर्षांनी कोणती तार निघेल हे आज कोणी सांगू शकत नाही, पण ती त्या दोरीने ओढून घेता येईल. प्रत्येक खोलीची नळी स्वतंत्रपणे एकाच कपाटात आणावी. एका खोलीतून दुसरीत अशी साखळी करू नये. साखळीत एक दुवा तुटला की पुढचे सर्व बंद पडतात.

विजेच्या २३० व्होल्टच्या तारा आणि या तारा एका पाइपात कधीही घालू नयेत. त्यात जीवाला धोका आहे. शेजारून नेल्या तरी सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणारी वीज स्पीकरमध्ये घुमघुम असा आवाज उत्पन्न करू शकते. दोन्ही पाइपांत एक फुटाचे अंतर ठेवावे. ओलांडणे भाग पडले तर काटकोनात ओलांडावे.

नदी आणि वळीव

आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी दोन गोष्टींचा विचार हवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ चे पूरही कोणी विसरलेले नाही. पुराच्या पट्ट्यात घर असेल तर तारांचे कपाट वरच्या मजल्यावर ठेवावे आणि तळमजल्यावर तारा छताकडून खाली उतरवाव्या, जमिनीखालून नेऊ नयेत. सहअक्ष तारेचे टोक पाण्यात बुडाले की जाळी वातीसारखी पाणी ओढून घेते आणि ती तार वाळवूनही पूर्ववत होत नाही. तार नळीत असेल तर जुनी ओढून नवी घालणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. गिलाव्यात असेल तर पुरानंतर भिंतही फोडावी लागते, आणि त्या वेळी खिशात पैसा नसतो.

साताऱ्याकडे पश्चिमेचा पाऊस आणि दोन्हीकडे वैशाखातील वळीव. गच्चीवरची तार काळ्या, उन्हास टिकणाऱ्या आवरणाची घ्यावी; घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकते. छत्रीचा खांब जमिनीच्या अर्थिंगला जोडावा. ढग गडगडू लागले की तार संचापासून काढून ठेवावी. आंतरजालाची तार काचेची असेल आणि तिच्यात पोलादी आधारतार नसेल तर तिच्यातून वीज घरात येत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

काम करणारा माणूस

शेवटी जो हे सर्व करतो त्याच्याविषयी. वायरमनची मजुरी बहुधा पॉइंटवर ठरते. दिव्याचा पॉइंट, पंख्याचा पॉइंट, प्लगचा पॉइंट. रिकाम्या नळीचा पॉइंट कोणी धरीत नाही. भिंतीला खाच पाडावयाची, पाइप बसवावयाचा, दोरी ओढावयाची, आणि त्याचे पैसे नाहीत. मग ती नळी पडत नाही यात नवल ते काय? ज्याला नळी हवी त्याने तिचा दर आधी ठरवावा आणि कागदावर लिहावा.

दुसरी गोष्ट मालासकट ठोक कामाची. चार जणांचे दर मागवून सर्वांत खालचा निवडतात. परंतु तांब्याचा भाव सर्वांना सारखाच पडतो. ज्या दरात तांबे बसत नाही त्या दरात अॅल्युमिनियम येणार किंवा मजुराचे पोट कापले जाणार. तिसरा मार्ग नाही. म्हणून माल आपण परीक्षा करून आणावा आणि मजुरी वेगळी ठरवावी हे उत्तम.

वरच्या मजल्यावर चित्र फाटते म्हणून वायरमनची राहिलेली मजुरी अडकवून ठेवल्याची भांडणे आमच्याकडे येतात. तार खरवडून पाहिली की पुष्कळदा दोष मालाचा निघतो, आणि माल मालकानेच स्वस्तात आणलेला असतो. वायरमनचा दोष असतो तेव्हा तोही आम्ही त्यास तोंडावर सांगतो. सांधा भिंतीत दडविणे, चिठ्ठी न बांधणे, विजेच्या पाइपातून तार ओढणे हे कामाशी बेइमानी करणे आहे आणि संघटनेने त्याची पाठराखण करू नये. परंतु गिलाव्यानंतर कोणाचे खरे हे ठरविणे कठीण जाते. यास उपाय साधा आहे. गिलाव्याच्या आदल्या दिवशी मालक व वायरमन यांनी मिळून प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत मीटरने तपासावी, दोन्ही टोकांवर क्रमांक घालावा, खाचांशेजारी फूटपट्टी धरून भिंतींचे फोटो घ्यावे आणि एका कागदावर दोघांनी सही करावी. त्यानंतर राहिलेली मजुरी त्याच दिवशी द्यावी. अर्ध्या दिवसाचे हे काम मालकाचा पैसा वाचविते आणि कामगाराची इभ्रत राखते.

विजेच्या जोडणीसाठी परवानाधारक माणूसच घ्यावा, हे सांगावयास नकोच. आवाजाच्या व चित्राच्या तारांसाठीही तोच घ्यावा, असे आमचे सांगणे आहे. कारण कोणती तार कोणापासून दूर ठेवावयाची हे ज्याला दोन्ही कामे येतात त्यालाच नीट कळते.

तेव्हा दुकानात जाताना खिशात एक चाकू, एक मीटर आणि खोल्यांची मापे लिहिलेला कागद एवढे घेऊन जावे. गुंडाळीचे टोक खरवडू न देणाऱ्या दुकानदाराकडून तार घेऊ नये.